सत्यवानाचे सरकते माड

"चार घरांक फाल्या म्हणान सांगलंस. तुका आंगां चार आसत काय?" सुगंधा विचारत होती.

"एकाकडे तरी जातलंयच मां," सत्यवान म्हणाला.

"आणि बाकीचे तीन?"

"तेंका परत फाल्या."

फाल्या म्हणजे उद्या. त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी मागच्या दारी भांडी घासत होते. त्यांच्या-आमच्यामध्ये दगडांचा गडगा, तोही कमरेएवढा, त्यामुळे भांडण ऐकलं म्हणण्यापेक्षा ऐकावं लागलं. पुढे तीस वर्षं तेच भांडण चालू राहिलं. आपटायची पातेली तेवढी बदलली.

सत्यवान आमच्या मिठबावचा पाडेली. माडावर चढायचं, तयार नारळ पाडायचे, सुकलेल्या झावळ्या काढून शेंडा साफ करायचा. वाऱ्यात माड हलत असला तरी हा वर बसून गाणं म्हणेल. पण खाली उतरल्यावर कोणाला 'जमणार नाही' म्हणायची वेळ आली की याचे पाय लटपटतात. वाटेत कोण भेटलं की 'फाल्या येतंय'. एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्याने नुसतं 'काय, बरे आहात ना?' विचारलं, तर त्यालाही 'फाल्या येतंय' सांगून मोकळा झाला. त्या पाहुण्याच्या घरी माड सोडा, तुळसही कुंडीतली.

गेल्या वर्षी वैभववाडीकडचा एक गडी माडावर चढायचं यंत्र घेऊन या बाजूला फिरू लागला. फोन केला की सांगितल्या वेळेला दारात. सत्यवानाची दोन घरं गेली, मग आणखी एक गेलं. सुगंधाचा जीव वरखाली. सगळीच घरं गेली तर खायचं काय?

तेव्हा त्यांच्या संचिताने आपला टॅब बापापुढे ठेवला. देवगडला कॉलेजात शिकते ती. त्यात तिने प्लॅनर मांडून दिला. प्लॅनर म्हणजे काचेतली वही. महिन्याच्या पानावर तारखेला टोचलं की त्या दिवसाचं पान उघडतं. प्रत्येक घरासाठी तिने माडाचं बारकं चित्र केलं आणि खाली नाव लिहिलं. दिवसाला दोनच घरं: सकाळी एक माड, दुपारी एक.

"बाबा, हेच्या भायर कोणाक शब्द देवचो नाय," ती म्हणाली.

पण ती काच सत्यवानाचं बोट ओळखेना. माड धरून धरून बोटांना घट्टे पडलेले, कितीही दाबलं तरी पान ढिम्म. हा कोयता घेऊन घट्टे तासायलाच बसला होता. संचिताने घाईने त्या टॅबचं पेन आणून दिलं. पेनाने त्याने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, त्यात अख्खा एप्रिल भरला.

मग टॅब उशीच्या अभ्र्यात, पेन कानावर, असा वाडीभर फिरला. "ह्या बघ, मंगळवारी सकाळी तू." आम्ही बायका आपलं नाव कमी बघायचो आणि आपल्या आधी कोणाचं ते जास्त.

मंगळवारी सकाळी नाव होतं रुक्मिणीचं. ती पलीकडच्या घरातली. तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसूनच आमच्या वाडीचं सगळं ठरतं. म्हणजे रुक्मिणीने पाडेली बदलला तर वाडीने बदलला असं धरायचं. मे महिन्यात ती कोकमाची सोलं उन्हात वाळवते. नारळ त्यांच्यावर पडतील म्हणून तिने खळ्यातली सोलं उचलून घरात नेली, कोंबड्या डांबल्या आणि दुपारपर्यंत वर बघत बसली.

सत्यवान कुठे? वाटेत दुसऱ्या कोणी तरी हाक मारली होती, आणि त्याला नाही म्हणवेना. त्याने पेनाने रुक्मिणीचा माड उचलला आणि गुरुवारात ठेवला. गुरुवारी तो उचलून शनिवारात. चित्रातला माड सरकत होता, रुक्मिणीचा माड होता तिथेच उभा.

गुरुवारी संध्याकाळी मी रुक्मिणीकडे बसले होते. सत्यवान आरामात बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आला.

"सोलां सुकली काय, वयनी?"

रुक्मिणीने सूप आणून पुढे धरलं. मंगळवारपासून घरात ठेवलेल्या सोलांवर पांढरी बुरशी.

"तुझी वाट बघून तेंका मिशी फुटली."

"पण मिया तुका शनवारात घातलंय," त्याने टॅब उघडला. "तुका दिसाक नाय?"

"खंय दिसतला? माझ्या तव्यावर?"

तेव्हा उलगडा झाला. त्याने इथे लिहिलेलं देवगडला संचिताच्या फोनात उमटतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्याने धरलं, की ज्याचं नाव लिहिलं त्याला आपोआप कळतं. म्हणून तर बिचारा इतका बिनघोर हिंडत होता.

"शनवारी यंत्रवालो येता," रुक्मिणी म्हणाली. "फोन केलंय. तू कित्याक त्रास घेतंस?"

सत्यवान पायरीवर बसला. त्याचं तोंड 'फा' म्हणायला उघडलेलं मी बघितलं. ते त्याने मिटलं.

"फाल्या माका जमाचा नाय," तो म्हणाला. "शनवारीय नाय, थंय आदीच दोन घरां आसत. आयतवारी सकाळी येतंय. सोलां उचलू नको, मिया उचलतलंय आणि मियाच परत पसरतलंय."

रुक्मिणी माझ्याकडे बघायला लागली.

"परत म्हण."

"काय?"

"जमाचा नाय, ता."

त्याने परत म्हटलं. कान लाल झाले होते. रुक्मिणी आत गेली आणि त्याला ऐकू जाईल असा फोन लावला. "शनवारी येव नको. आयतवारी दुपारी मिया फोन करूक नाय, तर परत येवच नको. केलंय, तर यंत्र घेवन ये."

शुक्रवारी सत्यवान ज्यांचे ज्यांचे माड सरकवले होते त्यांच्या दारी गेला. कोणी चहा दिला, कोणी शिव्या, एकीने दोन्ही. सुगंधा गडग्यापाशी येऊन मला म्हणाली, "माका तीस वर्षांत एकदाय नाय म्हणाक नाय, आणि आता गावभर नाय म्हणत फिरता."

रविवारी तो आला. सोलं उचलली, कोंबड्या हाकलल्या, पायाला दोरी अडकवून चढला. झावळ्या पडल्या, मग नारळ. वरून "बाजूक रव गो" अशी हाक, आम्ही कधीच्या बाजूला असूनही. उतरून नारळ एका जागी लावले, खळं झाडलं, सोलं पसरली, आपल्या वाट्याचे नारळ सायकलला बांधले. रुक्मिणीचा फोन आत टेबलावर तसाच पडून होता. ती चहा टाकायला उठली, तर तो म्हणाला, "नको वयनी, पुढच्या घराक सांगलेला आसा," आणि गेला.