अंबाडी, चार फळ्या आणि जांभळा उजेड

गुदैबियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पीक घेण्याचा निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला गेला होता.

निमित्त सासूबाईंचं. त्या अमरावतीच्या. तिकडच्या घरी आता हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून यंदा त्यांच्या महालक्ष्म्या पहिल्यांदाच घराबाहेर, आमच्याकडे बहारीनला बसणार होत्या. व्हिजिट व्हिसा आल्यावर त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली, "अंबाडी भेटते का तिथं?" नैवेद्याला पुरणपोळी, आंबील, कढी सगळं असतं, पण अंबाडीची भाजी पानात नसेल, तर महालक्ष्म्या उपाशी गेल्या असं त्या घरात धरतात. खालच्या दुकानात अंबाडी आली तर येते, नाही तर नाही, हे सांगायला माझ्या बायकोने, रोहिणीने, तोंड उघडलं. तिच्या आधी मी म्हणालो, "काळजी नको. मी घरीच लावतो."

(मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, पुण्याचा आहे, आणि अंबाडी तोवर मी पाहिलेली नव्हती.)

बाहेर उन्हाळा असा, की बाल्कनीत ठेवलेला प्लास्टिकचा मग मान टाकतो. तेव्हा शेती घरातच करणं भाग होतं. जागा कमी, म्हणून ती उभी करायची ठरली: चार फळ्यांचा लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर कुंड्या आणि प्रत्येक फळीच्या वर साखळीने टांगलेला जांभळ्या उजेडाचा लांब दिवा. माहिती मी व्हिडिओ पाहून मिळवली. त्यातला दाढीवाला गोरा माणूस घरात उभी शेती कशी करावी हे फार तळमळीने सांगायचा. रोपाचं नाव मात्र तो कधीच घेत नसे. नुसतं 'द प्लांट' म्हणायचा. टोमॅटो असेल असं मी धरून चाललो.

त्याचा मुख्य नियम सोपा होता. दिवा शेंड्यापासून एक वीत वर हवा. जवळ आला तर पानं करपतात. लांब गेला तर रोप उजेड शोधत बारीक आणि उंच होत जातं. अडचण अशी, की दिवा एक आणि त्याखालच्या कुंड्या चार. एसीजवळचं रोप खुजं राहिलं, भिंतीकडचं बेफाम वाढलं. दिवा उंच रोपाप्रमाणे लावला की खुजं ताणलं जाई. खुज्याप्रमाणे लावला की उंचाचा शेंडा पांढरा पडे. यावर व्हिडिओत उपाय होता: खुज्या रोपांना खालून उचला. मी आधी डाळीचे डबे वापरले. मग पुरणयंत्र. मग कुकर.

"अहो, भात कशात लावू?" रोहिणीने विचारलं.

"दोन दिवस थांब. ते जरा वाढू दे."

सासूबाई आल्या तेव्हा रोपं कमरेला लागली होती आणि मधल्या दोन फळ्या मी काढून टाकल्या होत्या. त्यांनी रॅककडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबुवा, हे काय करून रायले तुम्ही?"

"उंचीचं नियोजन, आई."

"झाड चाललं वर, तुम्ही दिवा नेऊन रायले वर, म्हणून झाड आणखी चाललं वर. थांबाव कोनं?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हणालो, "शेंडे खुडले तर उंची थांबेल आणि बाजूने फुटवे येतील. व्हिडिओत तसंच म्हणतात."

"देवीच्या आधी कोनी खुडत नसते. पान तोडाचं नाही, चाखाचं नाही. उष्टं होते."

म्हणजे उंची कमी करण्याचा एकमेव उपाय धर्मबाह्य ठरला. दिवा छताला टेकला.

त्यातच नवीन लक्षण दिसलं: खालची पानं रोज कमी होत होती. देठासकट नाहीशी! मी निदान केलं, की उजेड वरच अडतो, खाली पोचत नाही, म्हणून झाड खालची पानं टाकून देतं. (टाकलेली पानं जमिनीवर का दिसत नाहीत, हा प्रश्न मला सुचला नाही. इंजिनिअरला तो सुचत नाही.) मी रॅकच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन दिवे उभे लावले. त्या संध्याकाळपासून आमची खिडकी समोरच्या इमारतीतून जांभळी दिसू लागली.

घरमालक अबू युसुफ रिफा शहरात राहतात. भाडं बँकेतून जातं, त्यामुळे आमची भेट क्वचित. गौरी बसायला आठवडा उरलेला असताना ते न कळवता दारात उभे राहिले. माणूस सभ्य. चप्पल बाहेर काढली, सासूबाईंना सलाम केला आणि फोन माझ्यापुढे धरला. फोटोत आमची खिडकी होती; पडद्यावर जांभळ्या उजेडात पानांची सावली. लांबट, दातेरी, हाताच्या बोटांसारखी पसरलेली पानं. अंबाडीचं पान दिसायला नेमकं गांजाच्या पानासारखं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. दाढीवाला माणूस झाडाचं नाव का घेत नसे, हेही कळलं.

"सामनेवाला भेजा," ते म्हणाले. "बोला, पुलिस को दिखाऊँ? मैं बोला, पहले मैं देखता. हादा शिनू? ये क्या है?"

"सब्जी है, सर."

"सब्जी के लिए इतना लाइट?"

नोकरी, रेसिडेन्सी कार्ड आणि सासूबाईंचा व्हिसा एकाच रांगेत उभे राहून मला निरोप देताना दिसले.

"सब्जी है तो खाओ," अबू युसुफ शांतपणे म्हणाले. "मेरे सामने."

मागणी रास्त होती. मी हात पुढे केला.

"जवाईबुवा! हात लावसान तं पाहा!"

"अम्मा क्या बोला?"

"बोली, अभी नहीं खा सकते. अगले हफ्ते."

"क्यों?"

"पहले दो लेडीज़ आएँगी, सर. वो खाएँगी. बाद में हम."

"कौन लेडीज़?"

"दो बहनें हैं. हर साल आती हैं. तीन दिन रहती हैं."

"विज़िट व्हिसा पे?"

टेबलावरच्या टॅबलेटवर दाढीवाला माणूस एक पान कुरवाळत थांबलेला होता. अबू युसुफांनी त्यालाही नीट पाहून घेतलं आणि फोनवर एक नंबर शोधायला सुरुवात केली.

तेवढ्यात रोहिणी ऑफिसमधून आली. खांद्यावरची बॅगही न काढता ती सरळ रॅककडे गेली, सवयीने खालची दोन पानं तोडली, तोंडात टाकली आणि मग खोलीत माणसं आहेत हे तिच्या लक्षात आलं.

"रोहिणी!" सासूबाई ओरडल्या.

"काय झालं?"

"कधीपासून खाऊन रायली तू?"

"रोजच दोन-चार, आई. मीठ लावून." ती हळूच म्हणाली, "आठ वर्षांनी अशी ताजी तोंडाला लागली ना गं."

तिने एक पान अबू युसुफांपुढे केलं. "खाके देखिए, अंकल."

त्यांनी कोपरा चावला. डोळा बारीक झाला. "हामिद!" ते म्हणाले. आंबट! दुसरा तुकडा त्यांनी स्वतःहून तोडला. फोन खिशात गेला. "खलास. सामनेवाले को मैं बोलता. लेकिन पर्दा मोटा लगाओ." जाताना ते मला म्हणाले, "अगला बार पालक लगाओ."

दार लागलं. आता खरा प्रश्न उरला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि रोहिणी त्यांच्याकडे बघत नव्हती. महालक्ष्म्यांची भाजी केव्हाचीच उष्टी झालेली होती. आठवड्यात दुसरी उगवणार नव्हती.

तोडगा त्यांनीच काढला. "महालक्ष्मी म्हणजे कोन? माहेरी आलेली लेक. मंग लेकीनं खाल्लं तं उष्टं कसं होईन?" रोहिणी रडवेली हसली. मीही हसलो. "तुम्ही खाल्लं असतं तं उपटून फेकली असती," त्यांनी मला स्पष्ट केलं.

नैवेद्याच्या दिवशी पीक काढलं. झाडं माझ्यापेक्षा उंच होती. पानं शेंड्याला मूठ-मूठभर. खालची रोहिणीने खाल्लेली, मधली माझ्या बाजूच्या दिव्यांनी भाजलेली. शिजून वाटीभर भाजी झाली. दोन महालक्ष्म्यांना दोन चमचे, रोहिणीला उरलेली, मला रिकामी वाटी.

उंच दांडे मी कचऱ्यात नेणार होतो. सासूबाईंनी अडवलं, आमच्या बाथटबमध्ये दगडाखाली भिजत घातले (तोवर आम्ही बादलीने आंघोळ केली), साल सोलली आणि मांडीवर वळून लांब, मजबूत दोर केला. बाल्कनीत त्यावर माझे शर्ट वाळतात. अमरावतीला परतल्यावर त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून सांगतात, "आमच्या जवायानं वाळवंटात दोर पिकवला, बापा. लाइट लावून. भाजी तेवढी जमली नाही."