नारळावरचा शब्द

मी चौथी शिकलेला माणूस. पण अक्षर बरं आहे आणि खोटं बोलायची सवय नाही, म्हणून लिहितो. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

खानदेशातून सिल्वासाला आलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती. अथालकडच्या एका धाग्याच्या कारखान्यात सगळं आयुष्य गेलं. पॉलिएस्टरचा धागा मशीनवर तापतो, पीळ घेतो आणि पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळला जातो. एका मशीनवर दोनशेच्या वर धागे. धागा तुटला की माणूस धावतो, फुटलेलं टोक कात्रीनं कापतो, गाठ मारतो आणि त्या कोनावर लाल खडूनं खूण करतो. ती खूण चुकवायची नाही. पुढं कापड विणणाऱ्याला कळलं पाहिजे की हा धागा एकदा तुटलेला आहे. डोळे मिटून गाठ मारणारा मी एकटा होतो. मला सगळे उस्ताद म्हणायचे, सुपरवायझरसुद्धा.

तो पोरगा खानवेलच्या बसमधून उतरला आणि थेट आमच्या गेटवर आला. अठरा-एकोणीसचा दिसायचा. गुजराती माणसाशी गुजराती, बिहाऱ्याशी हिंदी, झाडूवालीशी वारली, माझ्याशी थेट आमच्या गावाकडची बोली. सिल्वासात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथं सगळेच चार भाषा कालवून बोलतात. त्याला राहायला जागा नव्हती. टोकरखाड्यात माझ्या दोन खोल्या, आम्हाला मूलबाळ नाही. बायको म्हणाली, "राहू द्या की. घरात तिसरं ताट पडेल."

पंधरा दिवसांनी जेवताना त्यानं सांगितलं. तो इथला नव्हता. गावाचाच काय, या पृथ्वीचासुद्धा नव्हता. त्यांच्याकडं कुणी मरत नाही. मनात आणलं की ते होतं.

"मग इथं काय झक मारायला आलास?" मी म्हणालो.

"शिकायला. आमच्या हातात सगळं सोपवायच्या आधी आम्हाला मरणाऱ्या लोकांत ठेवतात, उस्ताद."

बायको म्हणाली, "आधी भाजी वाढून घे. मग मरणाऱ्यांचं बघ."

मी हसलो होतो. पण तीन दिवसांनी दुपारच्या शिफ्टला लाइट झपकली आणि मशीनवरचे सगळे धागे एकदम तुटले. असं झालं की चार माणसांना दोन तास लागतात. मी कात्री काढली, पहिल्या धाग्याकडं वाकलो, आणि बघतो तर धागा अखंड. त्याच्या शेजारचा अखंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत मशीन चालू. मी बोटांनी एकेक धागा चाचपत गेलो. गाठ कुठंच नाही. पोरगा मशीनच्या शेवटी हात मागं बांधून उभा होता.

सुपरवायझर म्हणाला, "वा उस्ताद, आज तर जादू केलीत!"

मी त्या पोराच्या कानाखाली मारली. सगळ्यांदेखत.

"तुटलेला धागा तुटलेला दिसला पाहिजे," मी म्हणालो. "खूण कुठाय?"

तेव्हा मला ते फार मोठं तत्त्व वाटलं होतं. आज खरं लिहितो. मला भीती वाटली होती. चाळीस वर्षं ज्या बोटांवर मी मान वर करून चाललो, ती बोटं त्यानं एका श्वासात फुकट करून टाकली होती.

आमच्यात नवा माणूस हाताखाली घ्यायचा तर तो नारळ आणतो, मशीनपुढं फोडतो आणि उस्ताद मागेल तो शब्द देतो. मग उस्ताद त्याला छोटी कात्री देतो, कमरेला दोरीनं बांधायला. तो शब्द फक्त उस्तादच सोडवू शकतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून नारळ फोडून घेतला आणि शब्द मागितला: हातानं जे होत नाही ते करायचं नाही, मी मोकळं करेपर्यंत.

त्यानं शब्द दिला. गालावर माझी बोटं अजून उमटलेली होती. ती त्याला सहज पुसता आली असती.

त्यानंतर तो खरंच शिकला. बोटं कापली, भाजली, फोड आले. वर्षभरात त्याची गाठ माझ्या गाठीसारखी बसायला लागली. चहाच्या टपरीवर लोक चिडवायचे, "उस्ताद, तुमच्या चेल्याला ऊन लागत नाही का हो? घाम कसा नाही?" मग तो घाम गाळायलाही शिकला.

आणि माझ्या बायकोच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त साफ करायला न्यायचं. चार-चार तास लागायचे. मी दिवसा कामावर, तो रात्रपाळी घेऊन दिवसा तिच्याजवळ. जिन्यावरून तिला पाठीवर घेऊन उतरायचा. तिचे पाय चेपायचा, भाकरी थापायचा. भाकरी वाकडी झाली की ती झोपल्या झोपल्या म्हणायची, "हा नकाशा कुठल्या देशाचा रे?" आणि रोज मी घरी आलो की तो दारातच विचारायचा, "उस्ताद, मोकळं करता?"

मी चप्पल काढून आत जायचो.

एका रविवारी सकाळी तिनं स्वतः विषय काढला. सुजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "एकदा सांगा ना त्याला. मला अजून जगायचंय हो. तुमचं काय जातं?"

तिनं मला आयुष्यात कधी साधं लुगडं मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "डॉक्टर आहेत ना. ज्या पोराला मी थोबाडीत मारून शिकवलं, त्याच्यापुढं मी हात पसरू? बाहेर लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगणार आहे?"

"मला माहीत राहील ना."

तिनं हात काढून घेतला. तो पोरगा ओट्याशी भांडी घासत होता. त्यानं नळ बंद केला, पण मागं वळला नाही.

दोन महिने गेले. पुढं तिला दम लागायला लागला, आडवं पडता येईना. भिंतीला उशा लावून बसवायचो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्या दिवशी दुपारी घरी आलो आणि चप्पल न काढताच पोराला म्हणालो, "मोकळा केला तुला. कर."

हे बोलायला मला किती जड गेलं ते मी लिहिणार नाही.

तो तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला. "काकू, उस्तादांनी मोकळं केलं. करू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "यांच्या तोंडून निघालं शेवटी?"

"हो काकू."

"मग आता नको."

मला वाटलं, आजार डोक्यात गेलाय. मी म्हणालो, "अगं, हट्ट सोड."

"मी मागितलं तेव्हा दिलं नाहीत. आता डॉक्टरानं घाबरवलं म्हणून देताय. उठले तर रोज तुमच्या तोंडाकडं बघून जगायचं, यांनी दिलं म्हणून." तिला खोकला आला. "नको मला."

"मी चुकलो," मी म्हणालो. हा शब्द मी पहिल्यांदा वापरला.

"चुकलात," ती म्हणाली. आणि पोराला म्हणाली, "पाणी दे रे."

मी पोराचा हात धरला. "तू कर, तिचं ऐकू नकोस," मी म्हणालो. तो म्हणाला, "तुमचा शब्द तुम्ही सोडवलात, उस्ताद. तिचा मी कसा सोडवू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळून मी वळेपर्यंत ती गेली.

शेजारच्या बायका आल्या, तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. दारात तिरडी बांधत होते. पोरगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "अजून होतं, उस्ताद. ती आता काही बोलत नाही. आता फक्त तुमचा शब्द लागेल."

मी तिच्याकडं पाहिलं. कपाळभर कुंकू लावलं होतं. लोक खोळंबले होते. कुणीतरी विचारलं, "काय हो, उचलायचं का?"

मी म्हणालो, "उचला."

दमणगंगेच्या काठावर सगळं आटोपलं. परतताना पोरगा नव्हता. घरी ओट्यावर कात्री ठेवलेली होती, दोरीसकट, पुसून.

आता लोक म्हणतात, उस्तादांनी शेवटपर्यंत बायकोचं मन राखलं. मीही मान हलवतो. पण त्या दारात मी 'उचला' म्हणालो ते तिच्या शब्दासाठी, की त्या पोराकडं दुसऱ्यांदा मागायला माझी जीभ वळली नाही म्हणून, हे मला कळलेलं नाही. कात्री मी रोज काढून बघतो. गंजलेली नाही.