पाय प्लास्टरात, हात वाकळीत

लढाई संपली त्या वर्षी, थंडीच्या तोंडावर मी पाय मोडून घरी आलो. पाय लढाईत मोडला नव्हता. लढाईत मला साधा ओरखडाही उठला नाही. ती संपल्यावर छावणीत, उभ्या लॉरीतून उतरताना घसरलो आणि नडगीचं हाड मोडलं. पुण्याच्या इस्पितळात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि लांब रजा देऊन गावी पाठवलं. आमचं गाव यमाईच्या औंधापासून दोन कोसांवर. मी पोचायच्या आधीच आईनं गावभर गोळी लागल्याचं सांगून ठेवलं होतं. माणसं बघायला यायची आणि गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली ते विचारायची. मी प्लास्टरवर कुठंतरी बोट ठेवायचो. रोज ते बोट वेगळ्या जागी पडायचं, पण कुणी ताडून बघितलं नाही.

पहिले आठ-दहा दिवस असे बरे गेले. मग माणसं यायची थांबली. मी सोप्यात भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायचो आणि घरातल्यांना कामं कशी करावीत ते सांगायचो. पलटणीत मी हवालदार होतो, सांगायची सवय होती. आबा उसाला पाणी पाजून आले की पाणी कोणत्या सरीला आधी सोडायला हवं होतं ते सांगायचो. बायको धार काढून आली की चरवी कशी धरावी ते सांगायचो. दोघंही ऐकून घ्यायची आणि आपल्याच पद्धतीनं करायची.

धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती. तिला सांगलीला दिलेली. पौष सरला की तिला आणि बाळाला सासरी पोचवायचं होतं आणि बाळाबरोबर एक चांगली वाकळ द्यायची होती. कापडाला कंट्रोल होतं, नवं काही मिळत नव्हतं. आईनं जुनी लुगडी, फाटकी धोतरं, बंड्या असं सगळं बाहेर काढलं आणि सोप्यात माझ्यासमोरच वाकळ अंथरली. मला सांगायला आणखी एक काम मिळालं. दोर सरळ येत नाही, टाका लांब पडतो, ठिगळं एका मापाची नाहीत, असं मी दोन दिवस सांगत होतो. तिसऱ्या दिवशी आईनं सुईत दोरा ओवला आणि माझ्या हातात दिला.

"ह्ये घे," ती म्हणाली. "त्वांड लय चालतंय, आता हात चालव."

पहिल्यांदा मला एक लहान दुपटं दिलं. आईची पद्धत अशी होती. जुन्या लुगड्याचे चार-पाच थर एकावर एक अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून टाके घालत चारी बाजूंनी गोल फिरत मध्यावर यायचं. डावा हात खाली घालून चुणी पुढं सारत राहायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मला हे सगळं फार गबाळं वाटलं. मी कोळशानं रेघा मारून दुपट्याचे चार सारखे भाग केले आणि एकेक भाग वेगळा शिवला. ओळी अशा सरळ आल्या की कुणीही बघत राहावं. फक्त चारी भागांतली चुणी मध्यावर येऊन जमली आणि तिथं उशीएवढं टेंगूळ उभं राहिलं. आमचं मांजर येऊन त्या टेंगळाला टेकून झोपलं.

आईनं दुपटं माझ्यापुढं टाकलं आणि उसवायला सांगितलं. दोरा तोडायचा नाही, कारण दोराही मिळत नव्हता. ते उसवायला मला शिवण्याच्या दुप्पट दिवस लागले. त्यानंतर मी कडेपासून सुरुवात केली.

आणि मग ते काम मला आवडायला लागलं. आवडतं हे मी कबूल करत नव्हतो. सोबती दारात आले की मी सुई वाकळीत खुपसून हात काखेत घालायचो. एकदा सुई वाकळीऐवजी मांडीत गेली, चांगल्या पायाच्या. आलेला सोबती निघून जाईपर्यंत मी ती तशीच राहू दिली. तो जाताना आईला म्हणाला, गोळीची कळ अजून येते वाटतं, चेहऱ्यावर दिसतंय.

पुढच्या आठवड्यात गावचे पाटील आले. तेव्हा बाळाच्या मोठ्या वाकळीला आम्ही दोन बाजूंनी दोरे घालत होतो, एका कडेला मी आणि समोरच्या कडेला आई. मी माझी ओळ कोपरा वळवून तिच्या बाजूला कधी नेली ते बोलण्याच्या नादात कळलं नाही. पाटील टेकले, आई चहा ठेवायला उठली आणि तिच्याबरोबर वाकळही उठली. मी तिचा पदर सहा-सात टाक्यांनी वाकळीला जोडला होता. आई तशीच चुलीकडं निघाली, कोपऱ्यावरचे दगड गडगडले. पाटलांनी पाय वर उचलून वाकळीला वाट दिली आणि ऊस कसा काय आहे म्हणून विचारलं.

वाकळीच्या मध्यावर तांबडं हवं, असं आईचं म्हणणं होतं. त्यानं तान्ह्या पोराला दृष्ट लागत नाही. तांबडं कापड घरात नव्हतं, शेजारी नव्हतं. एका दुपारी सगळी शेतावर गेली होती. मी कुबडी टेकत घरभर शोधलं आणि आतल्या खोलीत खुंटीमागच्या गाठोड्यात मला लांबलचक तांबडं कापड सापडलं. एका कडेला थोडं विटलं होतं. मी ते सरळ कापलं. पट्टी लावून सारखे चौकोन केले आणि संध्याकाळपर्यंत मधली चौकट जोडूनही टाकली. माझ्या हातून इतकं सुंदर काम तोवर झालं नव्हतं.

आबा शेतातून आले. वाकळीपाशी थांबले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आवडलं.

तो त्यांचा पटका होता. वर्षातून एकदा, पौषातल्या यमाईच्या जत्रेला ते तो बांधायचे. जत्रा चार दिवसांवर आली होती म्हणून आईनं धुऊन, घडी घालून गाठोड्यात ठेवला होता.

आबा मुळात कमी बोलणारे. ते उकिडवे बसले आणि एका चौकोनावरून बोट फिरवलं. "पोराच्या अंगावर जायचा म्हंतोस तर जाऊ दे," ते म्हणाले. "पर मी देवीफुडं बोडक्यानं जाऊ व्हय?"

आई संतापली होती. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. ती रडायला गेली नव्हती, एवढं मला ऐकू आलं. मी रात्रभर विचार केला. दुसरा पटका विकत मिळायची सोय नव्हती, उसना मागणं आबांना चाललं नसतं. सकाळी मी माझी पलटणीची ट्रंक उघडली. तीत पायाला गुंडाळायच्या खाकी लोकरीच्या पट्ट्या होत्या, दोन जोड. मी त्या चारही पट्ट्या कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडल्या. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आबांच्या हातात दिल्या. त्यांनी उलट्यासुलट्या करून बघितल्या, मग डोक्याला गुंडाळल्या आणि आरसा न बघता जत्रेला गेले.

परत आले ते वेगळेच दिसत होते. औंधात गर्दीनं त्यांना वाट दिली होती. नारळवाल्यानं आधी त्यांचा नारळ दिला होता. एका पेन्शनर सुभेदारानं लांबूनच सलाम ठोकला होता आणि आबांनी तो घेतलाही होता. आईनं विचारलं, पटका कसा काय वाटला. आबा म्हणाले, "ऊब लय हाय." त्यानंतर त्यांनी कुठलाच दुसरा पटका बांधला नाही. कडक उन्हाळ्यातही नाही.

आई बहिणीला आणि बाळाला घेऊन सांगलीला गेली. बहिणीचं घर विश्रामबागेत, सासरे कचेरीत नोकरीला, आणि सासू पारखी बाई. तिनं वाकळ आधी उलटी करून बघितली, कारण खरं काम मागच्या बाजूला दिसतं. कुणी शिवली म्हणून विचारलं. लेकानं शिवली असं सांगायला आईची जीभ रेटली नाही. तिनं आपल्या सुनेचं, म्हणजे माझ्या बायकोचं नाव घेतलं. बहीण शेजारीच होती, तिनं बाळाचं टोपडं नीट करायला घेतलं.

आई परत येऊन हे आम्हाला मोठ्या खुशीत सांगत होती. शेवटी म्हणाली, विहीणबाईंना आमच्या सुनेच्या हातची एक वाकळ हवी आहे आणि ती शिवताना बघायला त्या स्वतः येणार आहेत. माझी बायको भल्या मोठ्या बैलाला कान धरून दावणीला आणायची, पण तिचा टाका आईपेक्षाही लांब पडायचा.

विहीणबाई न सांगता आल्या. यमाईचं दर्शन घेऊन थेट आमच्या दारात. मी सोप्यात नव्या वाकळीवर वाकलो होतो आणि बायको गोठ्यात शेण भरत होती. आईनं त्यांना बाहेरच्या बाहेर परसात पाय धुवायला नेलं, त्या पाय धूत होत्या तेवढ्यात बायकोला ओढून आणून माझ्या जागी बसवलं आणि सुई तिच्या हातात कोंबली. मी कुबडीवर सरकून खांबाला टेकलो. विहीणबाई येऊन समोर बसल्या. बायकोनं चार टाके घातले. चार मापांचे चार. तेवढ्यात गोठ्यातलं वासरू सुटलं आणि ती जी उठली ती परत आली नाही.

विहीणबाईंनी वाकळीची कड हातात घेतली. थोडं अंतर बोट फिरवत नेलं.

"हे टाकं तुमच्या सुनंचं न्हाईत," त्या आईला म्हणाल्या. "आणि तुमचंबी न्हाईत. कुठल्याच बाईचं न्हाईत."

आईनं कसं काय म्हणून विचारलं.

"बाई शिवायला बसली की पोर रडतंय, दूध उतू जातंय, दारात कुणी येतंय. दहादा उठायचं, दहादा बसायचं. दर बारीला हात बदलतो. ह्यात कुणी मधी उठल्यालं दिसत न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बंडीला छातीवर एक सुई टोचलेली होती आणि तिचा दोरा पोटापर्यंत लोंबत होता. मी नकळत कुबडी सोडून ताठ उभा राहायला गेलो आणि खांबावर आपटलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आपली वाकळ कधी तयार होईल ते विचारलं. निळं कापड जास्त घाल म्हणाल्या.

त्या गेल्यावर बायको खांबाशी येऊन उभी राहिली. तिनं गोठ्यातून सगळं ऐकलं होतं. टाका बिघडतो तो उठण्यानं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच वाकळ घेऊन सोप्यात बसली आणि मला म्हणाली, "आवं, आज मी उठायची न्हाई. काय आसंल ते तुमी बघा."

मी बघितलं. एका पायावर धार काढली, गाईनं तीनदा चरवी लाथाडली. भाकरी थापल्या, त्या कडेला जाड आणि मध्ये भोक अशा झाल्या आणि एका बाजूनं करपल्या. आबांनी खाकी पटका बांधून त्या खाल्ल्या. मी कुबडीवर पन्नास खेपा घातल्या. बायको दिवे लागेपर्यंत एकदाही उठली नाही.

संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी वाकळ उचलून बघितली. टाके तसेच होते, कुठला लांब, कुठला आखूड, ओळ नागमोडी. तिनं ती आडवी धरून बघितली, उभी धरून बघितली. मग म्हणाली की भाकरीच्या करपट वासानं हात हलत होता. मी ते मान्य केलं.