पिशवी काढलेल्या बायका

आमच्याकडं बाईच्या पोटात एकच वस्तू असते, ती म्हणजे पिशवी. अंगावरून जास्त जातंय, पिशवी. कंबर धरली, पिशवी. आणि एकदा का ती काढून टाकली की बाई मोकळी. माझीही तिशी ओलांडता ओलांडता एका खाजगी दवाखान्यात काढली होती. लेकरं झाली होती, पाळीची कटकट गेली, आता काय व्हायचंय, असं मीच चारचौघींना सांगत असे.

पुढं नवऱ्याला रांजणगावच्या एमआयडीसीत काम लागलं आणि आम्ही मांडवगण फराटा सोडून कारेगावला खोली घेतली. तेव्हा कंपन्या नुकत्याच येत होत्या. तिथं गेल्यावर काही वर्षांनी माझं पोट दोन घासांत भरायला लागलं. तिसरा घास नको व्हायचा. पोट सदा फुगलेलं, लघवीला सारखं पळायचं. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, शेजारणीनं ओवा दिला, सासूनं उपास धरायला सांगितलं. मी मुळातच चिडकी. गोळ्या संपल्या तरी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरच्या टेबलावर रिकामं पाकीट टाकून म्हणाले, "मशीनवर बघायची चिठ्ठी द्या, न्हाईतर मी सरळ पुण्याला जाते."

शिरूरला सोनोग्राफी झाली, गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून केमो, मग केस गेले. अंडाशयाचा कॅन्सर. पिशवी काढली तेव्हा अंडाशयं आतच ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. ठेवतातच म्हणे, बाईच्या अंगाला ती लागतात. अहो, मग ठेवली तर ठेवली, सांगायला तोंड दुखत होतं का? हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

टक्कल घेऊन एसटी स्टँडवर उभी होते तर एका म्हातारीनं विचारलं, "तिरुपतीला जाऊन आलात व्हय?" आमच्या घरात बुद्धवंदना, आणि मी कुठली जातेय तिरुपतीला! म्हणाले, "न्हाई मावशी, पुण्याला." आणि सगळं सांगितलं. बोलायला मी तिथंच सुरुवात केली म्हणायची.

पुढं वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचन संपलं की चहाच्या आधी मी थोडा वेळ मागून घ्यायची. बचत गटाच्या बैठकीला जायची. सोपं मुळीच नव्हतं. अंडाशय म्हटलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. शाळेत तो धडा आमच्या बाईंनीच गाळला होता, तर यांचा काय दोष? मग मी सांगायला लागले की पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढं एकेक असतं. त्यावर एक जण म्हणाली, "आमच्या पोटात कुठनं बदाम? शेंगदाणंच असत्याल." मीही हसले. पण दर ठिकाणी दोघी-तिघी उठून चालायला लागायच्या. "आमच्या पिशव्या कवाच काढल्यात, आमी कशाला बसू?" मी ओरडायची, "बसा खाली, तुमच्यासाठीच घसा फोडतीय."

माझी धाकटी बहीण वडगाव रासाईला दिलेली. तिचीही पिशवी काढलेली. एका दुपारी ती कारेगावला आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "अक्का, तुझं तोंड जरा आवर." तिच्या लेकीची सोयरीक शिरूरला जुळत आली होती. "तू गावोगाव सांगत फिरतीस, मला ह्यो रोग झालता म्हणून. उद्या त्ये म्हणत्याल, हिच्या घराण्यातच हाय. माझ्या लेकीला कोण करंल?"

मी भांडले. पण लेकीच्या आईपुढं काय चालतं? तुझ्या गावात येत नाही, शिरूरलाही बोलत नाही, एवढं कबूल केलं. "पण तू स्वतः एकदा तपासून घे," असं म्हटलं तर ती हसली. "मला काय धाड भरलीय?"

सोयरीक ठरली. बस्त्याला आम्ही शिरूरला गेलो. दुकानात तिनं साडी अंगावर लावून बघितली, आणि मला तिचे दंड दिसले. वाळून गेले होते, ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या. आणि पोट पुढं आलेलं. नंतर हॉटेलात सगळ्यांनी मिसळ खाल्ली, तिनं दोन घास खाल्ले आणि बशी लेकीकडं सरकवली. हे जेवण माझ्या ओळखीचं होतं.

तिला बाजूला घेऊन म्हणाले, "चल आत्ता. सोनोग्राफीचा दवाखाना इथंच हाय."

"पिशवी काढलीय की माझी. तूच तर हुतीस दवाखान्यात माझ्याजवळ."

"अगं, मी लोकांना काय सांगत फिरते मग?"

"त्ये लोकास्नी सांग." मग तिनं आवाज खाली केला. "पाव्हण्यांचं घर त्याच गल्लीत हाय. कुणी बघितलं तर? लगीन हुंदे. लगीन झालं की येते. लेकीची शपथ."

मी तिचा हात धरून ओढला. तिनं सोडवून घेतला, भर रस्त्यात, आणि मला म्हणाली की आत्ता तमाशा केलास तर लग्नालाही येऊ नकोस. तिच्या नवऱ्याला मी स्पष्ट शब्दांत सांगितलं की ही मरेल. "गॅस झाला असंल," तो म्हणाला. "कार्य तोंडावर हाय, अक्का."

लग्न ऐन उन्हाळ्यात झालं. लेक आमच्या रीतीप्रमाणं पांढऱ्या साडीत, आणि तिची आई त्या उकाड्यात अंगावर शाल घेऊन. नवरदेवाकडच्या एकीनं चेष्टा केली, "विहीणबाई, लेकीच्या आधी तुमचाच पाळणा हलतोय का काय?" सगळ्या हसल्या. माझी बहीणसुद्धा हसली. मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि बहिणीच्याही. मी पाहुण्यांना वाढत राहिले.

शपथ मात्र तिनं पाळली. लेकीची पाठवणी झाली आणि ती पिशवीत दोन साड्या घालून माझ्या दारात आली. मी तिला पुण्याला माझ्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या पोटातलं पाणी काढलं, बाटल्याच्या बाटल्या. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की सगळीकडं पसरलंय, यकृतावर आहे, आता कापून उपयोग नाही. मी त्यांना विचारलं, लग्नाच्या आधी आली असती तर? ते म्हणाले, हा प्रश्न आता विचारू नका.

आत गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. पाणी निघाल्यामुळं तिला हलकं वाटत होतं. पेज प्यायली होती, पुरी वाटी.

"अक्का," तिनं विचारलं, "तू कशी वाचलीस गं?"

याचं उत्तर मी शेकडो बायकांना दिलं होतं. लवकर गेले म्हणून. दुसरं खरं उत्तरच नाही.

"डॉक्टर चांगलं भेटलं," मी म्हणाले.

"मग मला बी त्येच बघ की."

"त्येच हायेत हे. आत्ता तुझं पाणी काढून गेले, त्येच."

"व्हय?" तिचा चेहरा एकदम उजळला. लग्नातसुद्धा तो तसा नव्हता. तिनं माझा हात हातात घेतला, आणि लहानपणी करायची तशी लटक्या रागानं माझ्याकडं बघायला लागली.

"मग आधी न्हाई का सांगायचं?" ती म्हणाली. "कवाच आले असते."