आपांच्या औषधाचं नाव

शमीम आपा गेल्याचं मला माझ्या औषधांच्या दुकानातच कळलं. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या थायरॉईडच्या गोळ्या मी बाजूला काढून ठेवायचो, तेच करत होतो. पायरीवरून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, बीबी गावाजवळ ऑटो उलटला... आपा गेल्या." आता दीड महिना होत आला. साखरखेर्ड्यात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. मलाही चांगलंच लिहायचं आहे, पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

आपा आणि करीमभाई हे नवरा-बायको गाद्या-रजया भरायचे. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी लोक पिवळी, किडकी कवडी, म्हणजे खराब बोंडांतला कापूस, गोण्यांत भरून त्यांच्याकडे आणायचे. बाजारात कोणी विचारत नाही, निदान गादी तरी करून द्या म्हणायचे. आपा ती हातानं निवडत बसायच्या. त्याच हिवाळ्यात त्यांचा हात चालेना. आजार जुनाच होता. शरीर स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटतं, तसला. रोजची गोळी चालू होती, रिपोर्टही बरे होते, पण टाका घालता घालता डोळा लागायचा. मग जालन्याच्या डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन अगदी थोड्या मात्रेत घेऊन पाहायला सांगितलं. पक्का पुरावा नाही, काहींना बरं वाटतं, रोजची गोळी मात्र सोडायची नाही, हेही सांगितलं. गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजनं मोजून घ्यायची. हीच गोळी पूर्ण मात्रेत दारू सोडवायला देतात.

मी ती मागवली. खोकं उघडलं तेव्हा काउंटरपाशी दोघं गप्पा मारत उभे होते. एकाच्या भावाला पूर्वी हेच औषध चालू होतं.

"हे त दारू सोडायचं औषध व्हय. कोणाचं आणलं?"

"करीमभाईच्या घरचं," मी हसत म्हणालो.

का हसलो, ते आजही सांगता येत नाही. एवढंच पुरलं. करीमभाई मशिदीच्या कमिटीत होते. आठवड्याभरात ते चोरून पितात, असं गावभर झालं. त्यांच्या मुलीची, नाझियाची सोयरीक संग्रामपूरला ठरत आली होती. तिकडून निरोप आला की जरा थांबू.

आपा दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

"भाऊ, औषधाचं नाव बाहेर कसं गेलं असन?"

"मले काय माहीत, आपा... पार्सलवाल्यानं सांगितलं असन कोणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही येता का संग्रामपूरले? ही गोळी कशाची हाये, एवढं सांगा. तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकतीन ते."

"हाव, येतो ना," मी म्हणालो. ठरलेल्या सकाळी दुकानाचं शटर उघडलंच नाही. घरात बसून राहिलो, फोन वाजू दिला. तिथं गेलो असतो तर कोणीतरी विचारलंच असतं, की बोलला कोण?

आपा एकट्या गेल्या. सगळे रिपोर्ट, औषधाची बाटली आणि सिरिंज पिशवीत घालून एसटीनं गेल्या. परक्या घरातल्या बायकांसमोर स्वतःचा आजार उलगडून सांगितला. अंगावरची सूज, गळणारे केस, सगळं. नाझियाचं लग्न तिथंच झालं. पण हे नवं औषध त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिनेही भरले नव्हते. "थोडं बरं वाटून राह्यलं होतं," त्या नंतर एकदा म्हणाल्या, "पण गोळीनं, का मनानं... आता कसं कळन?"

आता कधीच कळणार नाही. ते बघून घेण्याची त्यांची संधी मी घालवली.

आपांच्या चाळिसाव्या दिवसानंतर करीमभाईंकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "राहू द्या भाऊ. तिले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तवाच. ती पार्सलवाल्याकडं गेली होती. तो म्हणे, खोकं बंद होतं, माय, मले आतलं काय ठाऊक? मी म्हणलं, चल, दुकानात जाऊन विचारतो. तिनं जाऊ नाही दिलं. म्हणे, तो सोताहून सांगन."

पुढची कितीतरी वर्षं त्या दर महिन्याला गोळ्या न्यायला आल्या. बाकावर बसायच्या, माझ्या मुलांची चौकशी करायच्या, आणि वाट पाहायच्या... हे मला आता कळतं.

एका दिवाळीत, माझी कंबर दुखते म्हणून, त्यांनी दुकानातल्या खुर्चीला गादी शिवून दिली होती. काठाला निळा दोरा, टाके जरा वाकडे; हात दुखत असताना घातलेले. कापूस अजून दबलेला नाही. गिऱ्हाईक म्हणतात, "भाऊ, बसा की जरा." मी उभाच राहतो.