प्रमुख पाहुण्यांकडे पाठ

मुलीच्या बॅगेच्या तळाशी बिस्किटांचा चुरा जमतो. कोणी टाकत नाही, तरी जमतो. आमच्या कॉयरचे, म्हणजे एकत्र गाणाऱ्या ग्रुपचे, किस्से तसेच जमलेत. ऐकणारे हसतात. मला सांगतानासुद्धा राग येतो.

आधी ग्रेस मॅडम कोण ते सांगते. मूळच्या सिकंदराबादच्या, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. वीसेक वर्षं युरोपात ऑपेरा गायल्या, म्हणजे अख्खं नाटक गाऊन करायचं, तेही माइक न लावता, वाद्यांच्या ताफ्यावरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवत. पुढे तिथेच कंडक्टर झाल्या, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या खुणांनी सगळ्यांचं गाणं चालवणाऱ्या. आई आजारी पडली म्हणून परत आल्या, त्या इथेच राहिल्या. दर शनिवारी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या आम्हा चोवीस जणांना गायला शिकवतात. मी विद्यानगरहून जाते, कडेवर चौदा महिन्यांच्या मीराला घेऊन.

*

पहिल्याच शनिवारी मीराने भोकाड पसरलं. मी बॅग उचलली आणि सगळ्यांना सॉरी म्हणत दाराकडे निघाले. (मी दिवसभर सॉरी म्हणते. निम्मे सॉरी कुणाला, ते मलाही ठाऊक नसतं.) मॅडमचा उजवा हात ताल देतच राहिला. डावा तळवा त्यांनी मीराकडे केला आणि तसाच धरला.

मीरा गप्प. तोंड उघडं, पण आवाज नाही. तळवा खाली येईपर्यंत तशीच.

घरी आल्यावर मीही तिला तळवा दाखवून बघितला. तिने त्यावर टाळी दिली.

*

मॅडमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी नातवाच्या वाढदिवसाला मॅडमना आणि सोबत मला जेवायला बोलावलं. जेवण राहिलं बाजूला. "मॅडम, दो लाइन सुना दो ना."

मॅडम उभ्या राहिल्या, श्वास घेतला, सुरुवात केली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सेक्रेटरी धावत आले. "बस मॅडम, बस. बच्चे डर रे."

"दो लाइन बोले थे," मॅडम म्हणाल्या, "डेढ़ हुई."

मग डीजे लागला. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. त्याला कोणी घाबरलं नाही.

*

एका कॉलेजात आम्हाला गायला बोलावलं होतं. आमच्या एका गाण्यात मध्ये दोन श्वासांएवढी शांतता आहे. मॅडमचे हात वरच असतात, आम्ही थांबतो. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या आणि प्रिन्सिपलसाहेब शाल घेऊन थेट स्टेजवर. मॅडमचे दोन्ही हात वर, तशातच साहेबांनी त्यांच्या अंगावर शाल घातली.

फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हाथ नीचे."

हात खाली आले. हात खाली आले की गाणं संपतं, असंच आम्हाला शिकवलंय. आम्ही फायली मिटल्या आणि रांगेने उतरलो. उरलेलं अर्धं गाणं त्या कॉलेजात अजून कोणी ऐकलेलं नाही. याद्वारे कळवते, शाल गरम कापडाची होती आणि महिना मे होता.

*

त्या दिवशी परतताना आम्ही दोघी चहाला थांबलो. मी विचारलं, "मॅडम, तिकडे तुम्हाला कसले रोल मिळायचे?"

"नोकरानी. फिर जादूगरनी. फिर नोकरानी." त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "हिरोइन के लिए उनको मेरी शकल नक्को थी. लेकिन एक बात बोलूँ? नोकरानी का गाना भी कोई बीच में नहीं रोका."

मग चहा संपवून म्हणाल्या, "अपने शहर में एक गाना शुरू से आखिर तक हो जाए. बस."

एवढंच मागणं. तेही या शहराला जड जावं?

*

शेवटी नामपल्लीला एका क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला अकरा मिनिटं मिळाली. आयोजक राव साहेब तालीम बघायला आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "गाना फर्स्ट क्लास. बस मॅडम, आप उलटे खड़े हैं."

कंडक्टर गाणाऱ्यांकडे तोंड करूनच उभा राहतो, हे त्यांना समजावलं.

"मगर चीफ गेस्ट की तरफ पीठ? इन्सल्ट होता. घूम के करो, नहीं तो आइटम कॅन्सल."

भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारी मी, अचानक बोलले, "बसचा ड्रायव्हर पॅसेंजरकडे तोंड करून गाडी चालवतो का?"

राव साहेबांनी क्षणभर विचार केला. "बस में चीफ गेस्ट नहीं रहते."

मी हरले. यावर चार चांगली उत्तरं होती. चारही मला दुसऱ्या दिवशी मीराला आंघोळ घालताना सुचली.

मॅडम मात्र शांत होत्या. "ठीक है. उनको पीठ नहीं दिखेगी. उनका सोफा स्टेज पे रखो."

राव साहेब खूश. स्टेजवर सोफा म्हणजे डबल मान.

*

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही अर्धवर्तुळात उभे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पुरुष, आणि पुरुषांच्या शेजारी लाल सोफ्यावर सफारी सूटमधले चीफ गेस्ट. मॅडमची पाठ समोरच्या सगळ्या लोकांकडे. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

गाणं नीट चाललं होतं. संपायला तीन मिनिटं उरली असताना चीफ गेस्टनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढचा कार्यक्रम असणारच, तो नेहमीच असतो. त्यांनी विंगेत खूण केली. विंगेत राव साहेब शाल उलगडून तयार होते. मी गात राहिले. चीफ गेस्ट उठले. राव साहेबांचा एक पाय स्टेजवर आला.

मॅडमचा उजवा हात आमच्यासाठी चालूच होता. डावा तळवा त्यांनी सोफ्याकडे केला आणि तसाच धरला.

चीफ गेस्ट होते तिथेच थांबले, एक हात सफारीच्या बटणावर. त्यांना उभं बघून राव साहेबही थांबले, शाल दोन्ही हातांत पसरलेली. तीन मिनिटं. आम्ही शेवटच्या सुरापर्यंत गेलो, सूर हॉलमध्ये विरू दिला, आणि मगच मॅडमनी दोन्ही हात सावकाश खाली आणले.

टाळ्या सुरू व्हायच्या आधी, त्या शांततेत, चीफ गेस्ट हळूच म्हणाले,

"मॅडम, अब बैठूँ?"