देवाच्या गाडग्यातली बाजरी

बेलापूरच्या मरियमबाईंच्या चुलीमागं दोन गाडगी असत. दळायला बसण्याआधी एक मूठ बाजरी पहिल्या गाडग्यात पडायची. ती देवाची. ख्रिस्ती मंडळीच्या देवळात येणाऱ्या सगळ्याच बायका अशी मूठ काढत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळातल्या पोत्यात ओतत. दुसऱ्या गाडग्याची युक्ती मात्र मरियमबाईंची स्वतःची. ती मूठ लेकीची. कृपा नगरला कॉलेजात होती, आणि गाडगं भरलं की बाजरी बाजारात जायची.

स्वातंत्र्याला वर्ष होत आलं तेव्हा कृपाचं पत्र आलं. या टर्मपासून फी वाढली आहे, दोन महिन्यांच्या आत भरली नाही तर नाव कमी करतील, काळजी करू नये. तिच्या बापानं, एलिया सुतारानं, पत्र वाचून रंध्याखाली ठेवलं. "काळजी करू ने म्हनती. मंग कुनी करायची, कॉलेजानं?"

केली मरियमबाईंनीच. मूठ तीच, पण देवाच्या वेळी बोटं आवळली जाऊ लागली आणि लेकीच्या वेळी सैल सुटू लागली. मग एका दुपारी त्यांनी देवाचं गाडगं उचललं आणि सरळ लेकीच्या गाडग्यात पालथं केलं. "उसनं घेतलं," असं त्या रिकाम्या गाडग्यालाच म्हणाल्या. ते फेडायच्या आत रविवार आला.

त्यांनी तळाला पसाभर बाजरी टाकली, तोंडाला फडकं बांधलं. गर्दीत पाठ करून ओतू, कोण बघतंय.

पोत्यापाशी घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई बनुबाई उभ्या होत्या. बोलायच्या नाकात, आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावायच्या. "भगिनींनोऽऽ, आज जरा थांबावं, बरं का. मंडळीनं ठरवलंय, या खेपेची सगळी बाजरी आपल्या कृपाच्या फीला द्यायची, बरं का. आणि मरियमबाईंनी आज स्वतः ओतायचं नाही. त्यांचं गाडगं मी ओतणार. आणा इकडं."

मरियमबाईंनी गाडगं पोटाशी धरलं. "ऱ्हाऊ द्या, बाई."

"लाजता काय? लेक आमची नाही का?" बनुबाईंनी गाडग्याच्या काठाला हात घातला.

"त्यात काई न्हाई, बाई." मरियमबाईंनी मान खाली घातली. "हुतं ते म्या घेतलं. कृपासाठीच घेतलं. पर इचारून न्हाई घेतलं."

बनुबाईंचं नाक एकदम मोकळं झालं, आणि कित्येक वर्षांत कुणी ऐकली नव्हती अशी त्यांची माहेरची बोली बाहेर पडली. "किती दिस?"

"ह्या म्हैन्याचं समदं. गेल्या म्हैन्याचं निम्मं."

बनुबाईंनी फडकं सोडून आत बघितलं, गाडगं खाली ठेवलं. "बरं. मंग पोत्याचं त्वांड धरा. घरी चुली खोळंबल्यात आमच्या."

मरियमबाई वाकून पोतं धरून राहिल्या. एकेक जण येई, ओती, तळाचे दाणेसुद्धा बोटांनी पुसून टाकी. एखादीनं चार शब्द सुनावले असते तर त्यांना मान वर करता आली असती. फी भरली जाणार होती. नाव राहणार होतं. त्यांना फक्त पावलं दिसत होती, आणि पावलांवरूनही कोण कोण आहे ते कळत होतं.